पैसेवाले निवडणूक जिंकत नाहीत, उमेदवारांची यादी ठरवतात

पासबुक (नौपाडा)

रविवारी ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर आमच्यात जुंपली. देशाचं राजकारण शेवटी धनदांडग्यांच्याच हातात असतं का, हा विषय. एक मित्र म्हणाला, "मत तर आपणच देतो ना?" तिथे गाडी अडली आणि पाऊस आला म्हणून उठलो. उरलेलं इथे.

मी बत्तीस वर्षं बँकेत काढली. पन्नास हजारांच्या वर रोख भरायला आलेल्या आजींकडे पॅन मागितलाय आणि त्यांची बोलणीही खाल्ली आहेत. म्हणूनच निवडणूक रोख्यांचा, म्हणजे स्टेट बँकेतून रोखा घेऊन नाव उघड न करता पक्षाला देणगी द्यायचा, प्रकार मला जरा जास्त बोचला. २०१८ ते २०२४ या काळात साधारण साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले. रोखा विकत घेणाऱ्याचं केवायसी बँकेकडे पक्कं, फक्त मतदाराला काही कळू द्यायचं नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभेचा निकाल लागून जाईपर्यंत मुदत मागितली. कोर्ट म्हणालं, उद्या द्या. आणि दिला की! कारकुनी केलेल्या माणसाला यातली मेख सांगायला नको.

सगळ्यात मोठी खरेदी एका लॉटरी कंपनीची, १,३६८ कोटी. सगळ्यात जास्त पैसा भाजपला, मग तृणमूल, मग काँग्रेस. तेव्हा कोणी आपापल्या पक्षाची पालखी घेऊन येऊ नये.

माझ्या मते पैसेवाला मतं विकत घेतो हे खरं दुखणं नाहीच. तिकीट कोणाला मिळणार आणि निवडून आल्यावर कोणाचा फोन उचलला जाणार, हे तो ठरवतो. २०२४ ला निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी ५०४ जण प्रतिज्ञापत्राप्रमाणे करोडपती. देशाच्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच सांगितलं की लोकसभा लढवण्याइतका पैसा आपल्याकडे नाही. त्यांच्याकडे नसेल तर कोपरीच्या शाळामास्तराने काय करावं?

रबाळेवाला

करोडपतीचा मुद्दा आधी निकालात काढतो. राम मारुती रोडवर वडिलोपार्जित दोन खोल्या असलेला माणूसही कागदावर करोडपती असतो. साहेब, तुम्ही स्वतः असाल.

आता कामाचं. एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, अठरा कामगार. गणपती, नवरात्र, दहीहंडी, सगळ्यांची पावतीपुस्तकं येतात. निवडणुकीला तीच माणसं येतात, फक्त पुस्तक नसतं. एकाला दिलं हे दुसऱ्याला कळलं की महिन्याभरात कुठली ना कुठली तपासणी दारात. एकदा भोगलंय, जास्त लिहीत नाही. नाव गुप्त राहावं असं वाटणारा प्रत्येक जण चोर नसतो.

बंदीही करून झाली आहे. १९६९ ला इंदिराबाईंनी कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या, १९८५ ला त्या परत सुरू झाल्या. मधल्या सोळा वर्षांत पैसा थांबला का? चेकमधून बॅगेत गेला.

शिवाय पैसा म्हणजे विजय नव्हे. अब्जाधीश ब्लूमबर्गने २०२० मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी शंभर कोटी डॉलरच्या आसपास उधळले, जिंकला कुठे, तर अमेरिकन सामोआ नावाच्या एका चिमुकल्या बेटांच्या प्रदेशात. मस्कने २०२४ ला पंचवीस कोटी डॉलरच्या वर ओतले, ठीक, त्याचा माणूस, म्हणजे ट्रम्प, आला. पण पुढच्याच एप्रिलात विस्कॉन्सिनमध्ये न्यायाधीशाच्या निवडणुकीत इतका जोर लावूनही त्याचा उमेदवार आपटला.

पासबुक

दोन खोल्यांचं मान्य, तो आकडा मी उगाच मिरवला. बाकी नाही.

रोखे हजार रुपयांपासून मिळत होते, पण जवळपास सगळी रक्कम एक कोटीच्या रोख्यांतून आली. तुमच्यासारख्या अठरा कामगारवाल्यांना पुढे करून मागे कोण उभं होतं ते बघा. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर देऊ नये, ही मर्यादा २०१७ ला काढून टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देणगी देऊ शकत होती. तोट्यातला माणूस कोट्यवधी कशासाठी देतो, हे बँकेतला शिपाईसुद्धा सांगेल.

आणि मस्क हरला त्यापेक्षा जिंकल्यावर कुठे जाऊन बसला ते बघा. थेट सरकारी खात्यांवर कात्री चालवायला!

नेरुळकरीण

तुम्ही दोघंही पैशाभोवतीच फिरताय. आमच्या दिबांकडे, म्हणजे नवी मुंबईच्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांच्याकडे, काय होतं? वकिली आणि शेकापचा लाल बावटा. १९७७ ला कुलाब्यातून लोकसभेत गेले. १९८४ ला जासईला आणि नवघर-पागोट्याकडे गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायची वाट उघडली. माझे वडील त्या मोर्चात होते, मरेपर्यंत तेच सांगायचे. त्या लढ्यामागे कुठला शेठ नव्हता. माणसं जमली की पैशाला मान खाली घालावी लागते.

आता नवी मुंबईचा विमानतळ झालाय, ७४ टक्के अदानींचा, २६ टक्के सरकारी सिडकोचा. त्याला दिबांचं नाव देण्यासाठी मात्र आम्हाला रस्त्यावरच उतरावं लागलं. हे कोणाच्या बाजूने धरायचं ते तुम्ही ठरवा, मला दोन्हीकडून खरं वाटतं.

शंकासुर

ताई, दिबांबद्दल आदर, पण १९७७ चा हिशेब आज चालत नाही. आज महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख आणि पक्षाला मर्यादाच नाही. १९७४ ला सुप्रीम कोर्टाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरला होता, तर संसदेने कायदाच बदलला.

धोका नवा नाही. १९५७ ला टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून घटनापत्रात, म्हणजे कंपनीच्या उद्देशांच्या कागदात, बदल हवा होता, ते प्रकरण मुंबई हायकोर्टात आलं. न्या. छागलांनी परवानगी दिली, पण हे लोकशाहीचा गळा आवळू शकतं असं निकालातच लिहून ठेवलं. तेव्हा नाव तरी उघड होतं. आता रोखे गेले, कंपन्यांच्या देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारे ट्रस्ट राहिले. देणाऱ्यांची यादी दिसते, घेणाऱ्यांचीही दिसते, पण कोणाचा रुपया कोणाकडे गेला ते त्या कढईत मिसळून जातं.

आपल्या ठाण्याच्या हंडीसारखंच आहे हे. वर कोण चढलं ते संध्याकाळी कोणाला आठवत नाही, बॅनरवरचा फोटो मात्र दिवाळीपर्यंत लटकतो.

(सरकारने निवडणूक खर्च द्यावा असं इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ लाच सुचवलं होतं. रबाळेवाल्यांचं काय मत?)

रबाळेवाला

म्हणजे माझ्याच टॅक्समधून. आधी विनापावती देतो, मग पावतीसकट देऊ. बॅगा थांबणार नाहीतच.

तरी पासबुकरावांचा एक कोटीच्या रोख्यांचा मुद्दा लागला, खोटं कशाला बोलू. मी रोखा कधी पाहिलाही नाही. माझ्या नावाने दुसऱ्याच कोणाची अब्रू झाकली गेली.

चला, नाव छापायला मी तयार. पाच हजार दिले तरी छापा. फक्त त्याच यादीत, माझ्या नावाच्या शेजारच्या रकान्यात, त्या वर्षी माझ्या युनिटवर तपासणीला कोण कोण आलं आणि कोणाच्या सांगण्यावरून आलं, तेही छापा.

नेरुळकरीण

हा रकाना कोण भरणार?

रबाळेवाला

मी भरतो. माझ्याकडे तारखा आहेत.