टोकन, कर्सर, डेल्टा: मराठीत काय म्हणता?

क्लाउडवरच्या फायलींची यादी आपल्याकडच्या यादीशी सिंक करायची, त्या कोडवर टीमसाठी मराठीत टिपणं लिहितोय. सिंकला 'जुळवणी' चालून गेलं पण टोकनपाशी (सर्व्हर देतो ती चिठ्ठी, पुढच्या मागणीत परत द्यायची) गाडी अडलीय. गूगल ड्राइव्हच्या एपीआयत (आपला कोड ज्यातून ड्राइव्हशी बोलतो त्यात) नेक्स्ट पेज टोकन वेगळं आणि न्यू स्टार्ट पेज टोकन वेगळं, दोन्हीला टोकनच म्हटलं की वाचणारा गोंधळतो. सुचवा काहीतरी.

— पहिल्याला सरळ 'पुढचं पान' म्हणा, एका खेपेला जास्तीत जास्त १००० फायली मिळतात, उरलेल्या मागायला ते लागतं, बस. दुसऱ्याचा अर्थ 'इथवरचे बदल बघून झाले', म्हणून मी 'इथवरची खूण' म्हणतो. बदलांच्या शेवटच्या पानावरच मिळते ती, डेटाबेसात जपून ठेवायची आणि पुढच्या वेळी तीच देऊन फक्त नंतरचे बदल मागायचे, म्हणजे लाखभर फायलींची यादी दर वेळी उपसत बसावं लागत नाही.

— ड्रॉपबॉक्सला हे नाही चालणार हं, तिथे दोन्ही कामं एकच कर्सर करतो. हॅज मोअर ट्रू (म्हणजे 'अजून बाकी आहे') आलं तर लगेच पुढचं मागायचं, नाहीतर ठेवून द्यायचा. तिथे नुसतं 'खूण' बरं, कर्सर म्हटलं की लोकांना स्क्रीनवरची लुकलुकती रेघच आठवते.

— डेल्टाला (वनड्राइव्हमध्ये मागच्या वेळेनंतरचे फक्त बदल मागतो, त्याला) कुणी 'त्रिभुज प्रदेश' लिहिलं नाही म्हणजे मिळवली :) पूर्ण यादी ही खतावणी आणि डेल्टा म्हणजे रोजकीर्द, कसं वाटतं?

— नाही पटत. रोजकीर्दीत प्रत्येक नोंद राहते. वनड्राइव्हच्या डेल्टात फाइलचं नाव दोनदा बदललं तरी ती एकदाच येते, शेवटच्या नावाने. 'ताजी स्थिती' म्हणा हवं तर.

— आणि ड्राइव्हमधल्या रिमूव्ह्डला 'डिलीट झाली' लिहू नका प्लीज, शेअर केलेल्या फायलीचा ॲक्सेस गेला तरी तेच येतं. 'यादीतून गेली' बरोबर. ट्रॅशमध्ये टाकलेली फाइल मात्र अजून असते, तिला 'कचऱ्यात'.

— 'यादीतून गेली' घेतो, मस्त. वनड्राइव्ह कधीकधी ४१० हा एरर कोड देऊन जुनी खूण नाकारतं आणि सगळी यादी पहिल्यापासून आणावी लागते, त्याला काय म्हणू?

— खूण शिळी झाली! आणि एसथ्रीवाल्यांसाठी (ॲमेझॉनची फायली साठवायची सेवा वापरणाऱ्यांसाठी) एक ओळ टाका, त्यांचं कंटिन्युएशन टोकन म्हणजे नुसतं पुढचं पान, बदल कळायला इव्हेंट नोटिफिकेशन वेगळं लावावं लागतं.