पिमेंटोच्या धुराशिवाय जर्क?

ब्रिक्स्टनकर (धागाकर्ता): लंडनमध्ये तिसऱ्या पिढीतली जमैकन घरं बाटलीतला मसाला लावून चिकन ओव्हनमध्ये भाजतात आणि त्याला जर्क, म्हणजे मसाला चोळून धुरावर भाजायचं जमैकाचं झणझणीत मांस, म्हणतात. मला पटत नाही. जर्क घडला मरून लोकांत, म्हणजे मळ्यांतून निसटून डोंगरात राहिलेल्या गुलामांत. स्कॉच बॉनेट मिरची, थाइम आणि पिमेंटोच्या, म्हणजे ऑलस्पाइसच्या झाडाच्या, लाकडाचा धूर. जमैकातल्या पोर्टलंडच्या बॉस्टन बेला आजही तसंच भाजतात. धूर गेला की उरतं नुसतं तिखट चिकन. 'ही आपली ओळख' म्हणून ते पोरांना काय वाढायचं?

तिखटमीठ: चौथ्या मजल्यावर लाकडं पेटवू म्हणता? अग्निशमन दलच पंगतीला येईल. १९४८ मध्ये कॅरिबियनमधून लोकांना घेऊन 'विंडरश' जहाज इंग्लंडात टिलबरी बंदराला लागलं तेव्हापासून या लोकांनी मिळेल त्यात भागवलंय. शुद्धच हवं तर त्यांचा राष्ट्रीय पदार्थ घ्या, अकी आणि सॉल्टफिश. अकी हे फळ पश्चिम आफ्रिकेतलं, सॉल्टफिश म्हणजे खारवलेला कॉड मासा उत्तर अटलांटिकचा. बोकडाची करी तर १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांमुळे आली.

ब्रिक्स्टनकर: मग २०१८ मध्ये ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हरने 'पंची जर्क राइस' बाजारात आणला तेव्हा जमैकन वंशाच्या ब्रिटिश खासदार डॉन बटलर का भडकल्या? जर्कचे नेहमीचे बरेच मसाले त्यातही नव्हते. तुमच्या हिशेबाने तोही चालायला हवा.

तिखटमीठ: अजिबात नाही. घरची आजी नातवंडांसाठी बाटली उघडते. तिला आणि पाकिटं विकणाऱ्याला एकाच तराजूत कसं घालता?

पाटावरवंटा: आणि राबतं कोण? रविवारचा राइस अँड पीज म्हणजे आदल्या रात्री राजमा भिजवा, नारळाचं दूध काढा. टोरांटोतली माझी जमैकन शेजारीण डब्यातलं दूध वापरते, तर सासू अजून नाक मुरडते. ओळखीची एवढी काळजी असेल तर नारळ मुलाने खवावा की!

अवांतरवाला: डब्याला नावं ठेवू नका. कच्ची अकी विषारी, म्हणून अमेरिकेने १९७३ ते २००० तिची आयात बंद ठेवली होती. न्यूयॉर्कच्या दुकानात कायदेशीर डबाही नव्हता. तेवढ्या वर्षांत तिथली घरं कमी जमैकन झाली का?

ब्रिक्स्टनकर: अकीचं ठीक, तिथे इलाज नव्हता. धुराला आहे. ऑगस्टमध्ये लंडनच्या कॅरिबियन जत्रेला, नॉटिंग हिल कार्निव्हलला, पोरांना न्या, तेलाच्या अर्ध्या कापलेल्या पिंपांवर जर्क भाजतात.

तिखटमीठ: त्या पिंपांत बहुतेक साधा कोळसाच असतो हो.