लस दिली तरी कान फुटतो, म्हणून लस फसवी?

पाटीपेन्सिल:
काल 'जागरण' यांनी लिहिलं होतं, "मुलगा चौदा महिन्यांचा. न्यूमोकोकसची लस वेळच्या वेळी दिली. तरी सहा महिन्यांत चौथ्यांदा कान फुटला. ही लस म्हणजे पालकांची फसवणूक आहे." रडणारं मूल मांडीवर घेऊन रात्र काढणाऱ्या आईचा संताप मला कळतो. पण त्याखाली एकीने विचारलंय, "मग पुढची मात्रा नाही दिली तर चालेल ना?" आणि चौघांनी "खुशाल" म्हणून टाकलंय. ते वाचलं आणि राहवलं नाही.

मधल्या कानात पू करणारे जंतू मुख्यतः तीन. न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोरॅक्सेला. ही लस त्यातल्या एकावरची. त्या एकाचेही शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि लशीत असतात दहा, तेरा, पंधरा, फार तर वीस. फिनलंडमध्ये सात प्रकारांच्या लशीची खास कानासाठी चाचणी झाली, तिचा निकाल २००१ साली आला. लशीतल्या प्रकारांनी होणारी कानाची दुखणी ५७ टक्क्यांनी कमी झाली, न्यूमोकोकसची एकूण ३४ टक्क्यांनी, आणि सगळ्या जंतूंची मिळून जेमतेम ६ टक्क्यांनी. लशीत नसलेल्या प्रकारांची मात्र ३३ टक्क्यांनी वाढली. एकाला हुसकलं की रिकाम्या जागेवर दुसरा येऊन बसतो. म्हणून कान पुन्हा फुटला एवढ्यावरून लस फुकट गेली असं म्हणता येत नाही. ती मुळात मेंदूज्वर, न्यूमोनिया आणि रक्तात पसरणारा संसर्ग यांच्यासाठी आहे. कानाचा फायदा वरचा. तो कमी पडला म्हणून मेंदूज्वराला दार उघडं ठेवायचं?

जागरण:
६ टक्के! हा आकडा मला लस देताना का नाही सांगितला? मला सांगितलं होतं, "आता कानाचाही त्रास होणार नाही." माझा राग त्या वाक्यावर आहे.
पहाटे चारला रडणं एकदम थांबतं. मूल गाढ झोपतं, आपल्यालाही हायसं वाटतं. सकाळी उचलायला जावं तर अभ्र्यावर पिवळट ओला डाग आणि गालावर सुकलेली पुवाची रेघ. हे चार वेळा पाहिलंय मी. आणि आम्ही हिबची लसही दिली आहे. ती हिमोफिलसवरचीच ना? मग तिघांतले दोघे बंद झाले. तरी कान का फुटतो?

निळीशाई:
जंतूंच्या तपासणीचं काम करते, म्हणून लिहिते. हिबची लस फक्त 'बी' प्रकारावर चालते, कारण ती त्याच्या अंगावरच्या कवचाविरुद्ध बनवलेली आहे. कानातला हिमोफिलस बहुतेक वेळा बिनकवचाचा असतो. जे कवच ओळखायला शरीराला शिकवलं तेच त्याच्याकडे नाही, म्हणून ती लस त्याला शिवतसुद्धा नाही. नाव एकच असल्यामुळे भलेभले पालक इथे फसतात. जोडीला डोळ्यांतून चिपडं येत असतील तर हाच असण्याची शक्यता जास्त.
न्यूमोकोकसच्या एका लशीत याच बिनकवच्या हिमोफिलसचं 'प्रोटीन डी' वापरतात. तिच्या आधीच्या अकरा प्रकारांच्या रूपाची चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कानाची दुखणी एकतृतीयांश कमी दिसली होती. पुढच्या चाचणीत तेवढं यश दिसलं नाही.
जागरणताई, इतक्यांदा फुटला तर एकदा तरी पू तपासायला दिला असेल. रिपोर्टवर काय आहे?

उंबरठा:
जंतूंची नावं घोकून काय होणार? दुधाची बाटली आडवं झोपवून तोंडात द्यायची, सहा-सात महिन्यांचं मूल पाळणाघरात पाठवायचं आणि मग लशीला बोल लावायचा. आमची मुलं घरात वाढली. एकाचाही कान फुटला नाही.

जागरण:
तुम्ही माझ्या घरी आला होतात का? बाटली मी बसून, मांडीवर घेऊन देते. पाळणाघरात पाठवते, कारण मला नोकरी करावी लागते. मूल चौथ्यांदा आजारी पडलंय आणि तुम्ही मला आईपण शिकवताय. पुन्हा असं लिहू नका.

पाटीपेन्सिल:
उंबरठा, पाळणाघरात सर्दी जास्त होते आणि सर्दीमागून कान धरतो, हे खरं आहे. घरात कुणी सिगारेट ओढत असलं तरी धोका वाढतो. लहान मुलांची नाकापासून कानापर्यंतची नळी आखूड आणि जवळपास आडवी असते, त्यामुळे नाकातले जंतू सहज वर चढतात. यात आईने काय चूक केली? आणि विषय लशीचा चाललाय.

सरळसोट:
विषय लशीचा नाही, औषधांच्या माऱ्याचा आहे. माझी मुलगी दीड वर्षाची होती. ताप नाही, फक्त रडत होती. कानात बघून "लाल आहे" म्हणाले आणि दहा दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं. रडणाऱ्या मुलाच्या कानाचा पडदा लाल दिसणारच! पडदा बाहेर फुगलाय का, ते बघायचं असतं. तिला जुलाब सुरू झाले, लंगोटाच्या जागी कातडी सोलवटली, पाणी लागलं तरी किंचाळायची. सर्दीचे विषाणू कानाला त्रास देतात, त्यावर हे औषध काय करणार? औषध द्या की देऊ नका, साधारण ६० टक्के मुलांचा ठणका चोवीस तासांत आपोआप थांबतो. सारखी औषधं खाऊनच जंतू निर्ढावलेत. थोडी वाट बघा ना!

दोन_पिल्लांची_आई:
"वाट बघा" हे वाक्य मला ऐकवू नका. आम्ही बघितली वाट. मूल अकरा महिन्यांचं होतं, दोन्ही कान धरले होते. मीच वाचलं होतं की आपोआप बरं होतं, म्हणून तीन दिवस फक्त तापाचं औषध देत राहिले. चौथ्या दिवशी आंघोळ घालताना दिसलं, एक कान पुढे ढकलल्यासारखा झाला होता आणि मागचं हाड सुजून लाल झालं होतं. हात लावू देईना. संसर्ग हाडात उतरला होता. ऑपरेशन झालं, सात दिवस शिरेतून औषध दिलं. तुमच्या ६० टक्क्यांत माझं मूल नव्हतं.

सरळसोट:
ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण एका मुलाच्या अनुभवावरून सगळ्यांना औषध पाजायचं का?

दोन_पिल्लांची_आई:
मग तुम्ही तरी एका मुलीच्या जुलाबांवरून सगळ्यांचं औषध बंद का करताय? माझ्या मुलाच्या कानामागे अजून टाका दिसतो.

पाटीपेन्सिल:
दोघंही जरा थांबा. वाट कुणाची बघायची याचे नियम आहेत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली ते स्पष्ट लिहिले आहेत. सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलाचा एकच कान धरला असेल, तो वाहत नसेल, ताप ३९ अंश सेल्सिअसच्या खाली असेल आणि ठणका फार नसेल, तरच थांबता येतं. तेही दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासायचं या अटीवर. दोन वर्षांच्या आत दोन्ही कान धरले तर थांबायचं नाही. म्हणजे ताई, तुमच्या बाळाला औषध पहिल्याच दिवशी मिळायला हवं होतं. आणि सरळसोट, तुमच्या मुलीला बहुधा लागतच नव्हतं. तुम्ही दोघं वेगवेगळ्या मुलांबद्दल भांडताय.

सरळसोट:
नियम पाळतंय कोण? कानात नीट बघायला अर्धा मिनिट लागतो, तोसुद्धा देत नाहीत. पण अकरा महिने आणि दोन्ही कान, तिथे थांबू नये, हे मान्य. दहा दिवस कशाला, हे मात्र अजून पटलेलं नाही.

निळीशाई:
त्याचीही चाचणी झाली आहे, २०१६ साली. सहा ते तेवीस महिन्यांची ५२० मुलं. पाच दिवसांच्या औषधानंतर ३४ टक्क्यांत उपचार फसला, दहा दिवसांनंतर १६ टक्क्यांत. दुप्पट फरक आहे. सहा वर्षांच्या मुलाला कमी दिवस पुरतात, बाळाला नाही.
निर्ढावण्याबद्दल मात्र सरळसोट बरोबर आहेत, आणि ते लशीशी जोडलेलंही आहे. सात प्रकारांची लस आल्यावर तिच्यात नसलेला न्यूमोकोकसचा १९-ए हा प्रकार पुढे आला. अमेरिकेत रॉचेस्टरच्या डॉक्टरांनी २००७ साली त्याचा असा वाण नोंदवला की मुलांच्या कानासाठी मान्यता असलेलं एकही अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नव्हतं. म्हणून तर तेरा प्रकारांच्या लशीत १९-ए घेतला, आणि तो मागे हटला.
जागरणताई, रिपोर्ट?

जागरण:
तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून फाइल काढली. तिसऱ्या वेळेचा कागद आहे. आम्हाला फक्त "जंतू आहेत, औषध बदलू" एवढंच सांगितलं होतं, वाचून कुणी दाखवला नव्हता. त्यावर लिहिलंय: हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, बीटा-लॅक्टमेज पॉझिटिव्ह. अमॉक्सिसिलिनपुढे 'आर', क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल घातलेल्या अमॉक्सिसिलिनपुढे 'एस'. हा कागद येईपर्यंत तिन्ही वेळा साधं अमॉक्सिसिलिनच दिलं होतं.

निळीशाई:
'आर' म्हणजे दाद देत नाही, 'एस' म्हणजे देतो. तुमचा जंतू अमॉक्सिसिलिन तोडणारं विकर (एन्झाइम) स्वतः तयार करतो, तेच हे बीटा-लॅक्टमेज. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्या विकराला अडकवून ठेवतं, मग औषधाला काम करता येतं. मोरॅक्सेला तर जवळजवळ नेहमीच हे विकर बनवतो. न्यूमोकोकसची तऱ्हा वेगळी. तो औषध चिकटण्याची जागाच बदलतो, म्हणून त्याच्यासाठी मात्रा वाढवावी लागते. तुमच्या मुलाच्या कानात निदान त्या वेळी तरी न्यूमोकोकस नव्हता. म्हणजे ज्याच्यासाठी लस दिली तो त्या कागदावर नाही.

जागरण:
म्हणजे लशीने तिचं काम केलं असावं. बरं, मानते. 'फसवणूक' हा शब्द मागे घेते आणि त्या पुढची मात्रा विचारणाऱ्या बाईंनाही तसं लिहिते. पण तीन वेळा चुकीचं औषध पाजलं गेलं आणि कागद फाइलमध्ये पडून राहिला, हे मी विसरणार नाही. बूस्टर राहिलाय, तो या शुक्रवारी आहे.

उंबरठा:
पाळणाघराबद्दल जरा जास्त बोललो. बाटलीचं मात्र ज्यांना लागू असेल त्यांनी बघावं.

दोन_पिल्लांची_आई:
जागरण, शुक्रवारी जाल तेव्हा पडद्यामागे पाणी राहिलंय का, तेही बघायला सांगा. पू गेला तरी पाणी राहतं, ताप नसतो, म्हणून आपल्याला कळत नाही. तीन महिन्यांनंतरही ते असेल तर ऐकण्याची तपासणी मागून घ्या. आमचा पाठीमागून हाक मारली की वळायचा नाही, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

जागरण:
आमचाही कधी कधी वळत नाही. तुम्ही सांगितलेलं लिहून रिपोर्टच्या वरच चिठ्ठी लावून ठेवली.