नाइटला दोन नव्या सिस्टर घ्याव्यात की एक अनुभवी?

वॉर्ड इनचार्ज: 30 खाटांचा मेडिसिनचा वॉर्ड माझ्याकडे आहे. नाइटला तीन सिस्टर असायच्या. भांडून चौथी मिळवली, पण कोर्स संपून तिला दोनच महिने झालेत. गेल्या आठवड्यात एका आजोबांचा श्वास मिनिटाला 28 होता, म्हणजे फारच जलद. तिनं आकडा चार्टवर अगदी बरोबर लिहिला आणि पुढच्या खाटेकडे गेली. कुणाला बोलली नाही. पहाटे सीनियर सिस्टरच्या राउंडला ते लक्षात आलं. आजोबा सावरले, पण तो चार्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोरगी कामाला वाघ आहे, तिला दोष देऊ नका. आता मेट्रन विचारतात, आणखी दोन नव्या देऊ की एक अनुभवी? काय मागू?

आकडेवाला: 2014 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला होता, लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा. ऑपरेशन झालेले पेशंट होते. सिस्टरमागे एक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी जास्त, आणि पदवीधर सिस्टरांचं प्रमाण 10 टक्क्यांनी वाढलं की ती 7 टक्क्यांनी कमी दिसली. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण संख्या आणि शिक्षण दोन्ही मोजावं लागतं.

जुनी सिस्टर: ताई, मी नाइट खूप केल्यात. नवीला 28 हा आकडा दिसतो, पेशंट घसरतोय हे दिसत नाही. ती नजर यायला वेळ लागतो, आणि तोवर सीनियरची अर्धी रात्र तिच्यामागे जाते. दोन नव्या आल्या तर तुमची एकुलती सीनियर कुणाकुणाकडे बघेल? अनुभवी मागा. आणि वॉर्डात न्यूज-२ चार्ट लावा, म्हणजे श्वास, नाडी, बीपी अशा मोजमापांना गुण देऊन पेशंट बिघडतोय का हे दाखवणारा तक्ता. त्यात श्वास 25 किंवा वर गेला की एकदम 3 गुण, आणि एकाच मोजमापाला 3 आले की डॉक्टरांना कळवायचंच. आमच्याकडे हा चार्ट आल्यापासून नव्या मुली बिनधास्त फोन करतात. आधी रात्री डॉक्टरांना उठवायला घाबरायच्या.

वॉर्ड इनचार्ज: घाबरली होती, हे तिनं आज मला सांगितलं. मी विचारलंच नव्हतं. एक अनुभवी मागितली आहे. नवीला सहा आठवडे दिवसपाळीत सीनियरच्या जोडीला ठेवतेय, तेही माणसांच्या हिशेबात न धरता. मेट्रन यावरच अडल्या आहेत, पण यात मी मागे हटणार नाही. चार्टचा छापील कागद उद्या लावते.