मदत हवी आहे: स्की रेसिंगचा बूट, टाच उचलते आणि बोटं पण बधिर होतात, नेमका लहान आहे की मोठा?

सिद्धेश्वर_एक्सप्रेस

नमस्कार मंडळी. सोलापुरात बसून स्कीच्या बुटाबद्दल विचारणं म्हणजे कंबर तलावात जहाजाचं इंजिन शोधण्यातला प्रकार आहे हे मला माहितीये, त्यामुळे जोक काय करायचे ते आधीच करून घ्या आणि मग जाणकारांनी प्लीज मदत करा, कारण घरात, गल्लीत, ऑफिसात कुणालाच विचारायची सोय नाही.

२०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये गुलमर्गचा आरिफ खान भारताकडून एकटाच गेला होता, जायंट स्लॅलममध्ये (खांबांमधून वळणं घेत उतरायची शर्यत) ४५वा आला, ते बघून माझ्या डोक्यात किडा शिरला. मग दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन बेसिक आणि इंटरमीजिएट कोर्स केला, भाड्याच्या बुटांवर. भाड्याचा बूट म्हणजे लॉजची गादी, इतक्या लोकांनी दाबलेली असते की कुणालाही नीट होते आणि कुणालाच नीट होत नाही. आता गेट्स, म्हणजे त्या खांबांमधून वळत उतरणं, शिकायचेत, जमलं तर एखाद्या ओपन रेसमध्ये उतरायचंय, आणि सर म्हणाले स्की नंतर घे, आधी स्वतःचे बूट घे.

माझा मावसभाऊ म्युनिकला असतो. त्याला म्हटलं सेकंडहँड बघ. तो म्हणाला साईज सांग, मी म्हटलं ८ नंबर, त्याने कुठला तरी चार्ट बघून २७ काढला आणि मग आम्ही दोघा शहाण्यांनी फोनवर ठरवलं की थंडीत जाड मोजे लागणार तर अर्धा नंबर मोठाच घेऊ, २७.५. लास्ट, म्हणजे पंजाकडची आतली रुंदी, १०० मिमी, फ्लेक्स, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक त्याचा आकडा, १२०. दिवाळीला तो घेऊन आला (बुटांच्या वजनापायी आईसाठी घेतलेली चॉकलेटं तिकडेच ठेवून आला, ते मी अजून ऐकतोय).

घरी घालून बघितला तेव्हा एकदम भारी वाटलं, कुठेच चावत नव्हता. फेब्रुवारीत नऊ दिवस वापरला. पहिले दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवसापासून टाच आत वरखाली व्हायला लागली, वळण घेताना मी गुडघा आत टाकतो आणि स्की जरा वेळाने आठवल्यासारखी वळते. म्हणून बकल आवळले, अजून आवळले, तर बोटं बधिर. संध्याकाळी बूट काढला की पायाच्या वर, जिथे सॅंडलचा पट्टा येतो तिथे लाल वळ, आणि नडगी सोललेली. एवढं करून टाच उचलायची ती उचलतेच. सर म्हणतात बूट ढिला आहे, कोर्समधला रूममेट म्हणतो बोटं बधिर होतात म्हणजे सरळ सरळ लहान आहे, २८.५ घे. मला रूममेटचं पटतंय, कारण बधिर पाय माझा आहे.

तर प्रश्न असे की बूट लहान आहे की मोठा, रेसर लोक दोन साईज लहान घालतात हे खरं का, आणि तिसरं म्हणजे इथे एमआयडीसीत माझा एक मित्र हीट गनने पीव्हीसी पाईप वाकवायचं काम करतो, तो म्हणतो घेऊन ये, दहा मिनिटांत रुंद करून देतो. द्यावा का त्याच्याकडे? सध्या बाहेर ४२ डिग्री आहे, पण मावसभाऊ गणपतीला परत येतोय, बदलायचे असतील तर आत्ताच ठरवायला हवं.

पार्कचौक

का बे, काय करालास? ४२ डिग्रीत स्कीचा बूट? आपल्याकडं बर्फ दिसतो तो उसाच्या रसात. आत मोजे घालतोस का चादर गुंडाळतोस तेवढं सांग. ह. घ्या. जाणकार येतीलच, मी शेंगा घेऊन बसलोय.

इन्सब्रुककर

हीट गनवाल्या मित्राला आधी फोन करून नाही म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

मी इथे ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला शिकायला होतो तेव्हा दोन हिवाळे स्कीच्या दुकानात बूट घालायला-काढायला बसायचो, तुमच्यासारखी तक्रार दिवसातून चारदा यायची. टाच उचलते आणि बोटं बधिर होतात या दोन गोष्टी एकत्र आल्या की नव्वद टक्के वेळा बूट मोठा असतो, लहान नाही. होतं काय, आत जागा आहे म्हणून पाय सरकतो, सरकतो म्हणून तुम्ही बकल आवळता, आणि बकल नेमका पायाच्या त्या वरच्या उंचवट्यावर दाबतो जिथून बोटांकडे जाणारी रक्तवाहिनी आणि नस जाते. पुढे रक्त पोचत नाही, बोटं थंड पडतात, मेली. मोठ्या घागरीला लहान झाकण दाबून बसवण्यातला प्रकार. जो बूट बरोबर असतो त्याचे बकल दोन बोटांनी लागतात.

८ नंबर वगैरे विसरा, ते रोजच्या बुटाचं माप आहे आणि त्यात बोटांपुढे मोकळी जागा धरलेली असते. स्कीचा नंबर म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, बस. २७ आणि २७.५ चं बाहेरचं प्लास्टिक, म्हणजे शेल, एकच असतं, अर्ध्या नंबराचा फरक फक्त आतल्या अस्तरात नाहीतर आत घालायच्या सुट्या तळव्यात (इनसोल). म्हणजे तुमचा तो अर्धा नंबर कागदावरच वाढला.

आता हे करा. भिंतीला टाच टेकवून, पूर्ण वजन देऊन उभे राहा, दुसऱ्या कुणाला तरी माप घ्यायला सांगा, बसून पण घ्या. मग बुटातून अस्तर बाहेर काढा, नुसत्या शेलमध्ये अनवाणी पाय घाला, बोटं पुढे जेमतेम टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते मोजा. साधी पेन्सिल साधारण ७ मिमी जाड असते. दोन-अडीच पेन्सिली मावल्या तर चांगल्या स्कीअरसाठी ठीक, एक किंवा त्याहून थोडी जास्त म्हणजे रेसचा फिट. आकडा इथे टाका, मग बोलू.

घाटवाट

दोन साईज लहान घ्या आणि गप्प सहन करा. रेसिंग आहे, मॉर्निंग वॉक नाही. दुखलं नाही तर तो रेसचा बूटच नाही.

इन्सब्रुककर

@घाटवाट, वर्ल्ड कपवाले घालतात ते शेल ९२-९३ मिमी लास्टचं असतं आणि भिंती मुद्दाम जाड ठेवलेल्या असतात, कारण फिटर, म्हणजे पायाप्रमाणे बूट बेतून देणारा माणूस, त्यांच्या पायाचं प्रत्येक हाड बघून आतून घासून, फुगवून जागा करतो. बूट लहान असतो पण हाडाला हाडाएवढी जागा असते. ते सोडून नुसताच लहान घातला तर तो फक्त लहान बूट. सगळीकडून सारखा दाब म्हणजे घट्ट, एका ठिकाणी टोचणं म्हणजे चुकलेला, दोन्हीत फरक आहे.

हिमलाट

मी पुण्याची, गुलमर्गला तीन सीझन गेट्स केलेत, मेडल वगैरे काही नाही, पण पायाची दोन नखं काळी करून शिकलेय म्हणून लिहिते.

दादा, तुम्ही घरी घालून बघितलात तेव्हा नुसते उभे होता ना? उभं असताना बोटं पुढे टेकायलाच हवीत, टेकली की आपल्याला वाटतं लहान आहे. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेटली की टाच मागे खोबणीत बसते आणि बोटं सुटतात. ज्या बुटात उभं असतानाच बोटं मोकळी नाचतात तो दुकानात छान आणि बर्फावर बेकार. शिवाय अस्तर काही दिवसांत दबतं, नव्या कोल्हापुरीसारखं, म्हणजे पहिल्या दिवशी आरामशीर असलेला बूट दहाव्या दिवशी होडी होते.

मोजे एकच, पातळ, पोटरीपर्यंतचे. दोन जाड मोज्यांनी ऊब वाढत नाही, घाम वाढतो आणि पाय आणखी सरकतो. आतली थर्मल पॅंट बुटाच्या वर संपली पाहिजे, तिची शिवण नडगीवर आली की सोलतंच, तुमची नडगी त्यानेच गेली असणार असा माझा अंदाज.

बकलचा क्रम पण सांगते, मला हे फार उशिरा कळलं. पाय घातला की टाच जमिनीवर दोनदा आपटायची, मग आधी वरचे पोटरीकडचे बकल हलके लावायचे आणि पट्टा ओढायचा, सात-आठ वेळा पुढे वाकायचं, टाच मागे बसली की मग पायाच्या वरचा, आणि सगळ्यात पुढचा तर फक्त शेल खडखडणार नाही एवढाच. आपण चप्पल-बूट घालणारी माणसं खालून वर लावत जातो आणि टाच बसायच्या आधीच तिला पुढे अडकवून टाकतो. आणि रन संपला की बकल उघडायचे, लिफ्टच्या रांगेत आवळून उभं राहण्याचं बक्षीस कुणी देत नाही. घट्ट बूट सकाळी थंडगार घालायला जाऊ नका, प्लास्टिक उघडतच नाही, रात्री खोलीत ठेवा, गाडीच्या डिकीत नाही.

सिद्धेश्वर_एक्सप्रेस

बापरे. मोजलं. वडिलांनी शिवणकामाच्या टेपने माप घेतलं, तिसऱ्यांदा घ्यायला लावल्यावर म्हणाले लग्नाला शेरवानीचं माप घेताना एवढा नखरा नव्हता केलास.

बसून उजवा २५.७, उभं राहून २६.२. डावा दोन्ही वेळा एखाद मिलिमीटर कमी. शेलमध्ये टाचेमागे चार पेन्सिली शेजारी शेजारी धरून घातल्या आणि त्या पडल्या नाहीत एवढंच. म्हणजे २८ मिमी. मी २८.५ घ्यायला निघालो होतो.

थर्मल पॅंट बुटात खोचलेली होती, हो. मोजे दोन होते, हो. चादर नव्हती @पार्कचौक.

आता म्हणजे २५.५ घेऊ का सरळ? रेस फिट?

इन्सब्रुककर

नाही, २६. म्हणजे २६-२६.५ चं शेल. तुमच्या पायाला त्यात अडीच पेन्सिलींच्या आसपास जागा राहील. २५ च्या शेलमध्ये तुमचा पाय बसतो, बसवता येतो म्हणू, पण तो एकदा घालून घरी नेण्याचा बूट नाही, करंगळीच्या बुडाशी फुगवा, चार दिवस स्की करा, परत या, घोट्याकडे घासा, परत या असं चालतं. ते परत या कुठून करणार तुम्ही, सोलापूरहून? जिथे फिटर हाताशी नाही तिथे रेस फिटच्या एक पायरी अलीकडे थांबलेलं बरं. लास्ट मात्र १०० नको, ९८ किंवा पाय अरुंद असेल तर ९६ बघा, टाच तिथेच सापडते. फ्लेक्स ११० ते १२० पुरे. आणि फ्लेक्स आत्ता घरात तपासू नका, गरमीत प्लास्टिक मऊ पडतं, मे महिन्यात तुम्हाला १३० चा बूटपण लोण्यासारखा वाटेल आणि गुलमर्गला तोच लाकूड होईल.

बसून आणि उभं राहून अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आहे म्हणजे वजन आलं की पायाची कमान बसते आणि पाय लांबतो. हे काम तुमचं सोलापुरात होईल. कृत्रिम पाय, कॅलिपर बनवणारे जे ऑर्थोटिस्ट असतात ते पायाचा साचा घेऊन तळवा बनवून देतात, त्यांना सांगा बुटात घालायचाय, पातळ आणि टणक हवा, मऊ गादीचा नको. पैसे टाकायचेच असतील तर आधी यात टाका. टाचेखाली मात्र उगाच जाड काही लावू नका, एफआयएसच्या (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या) रेसमध्ये बुटाच्या तळापासून टाचेपर्यंत ४३ मिमीची मर्यादा आहे, आणि उंचीने पाय उलट खोबणीतून वर येतो.

हीट गनबद्दल. फिटरही गरमच करतात, पण स्कीचा बूट पॉलीयुरेथेनचा असतो, पीव्हीसी पाईप नाही, किती गरम करायचं आणि थंड होईपर्यंत कशावर दाबून ठेवायचं यातच सगळी कला आहे. जास्त झालं की प्लास्टिक चमकतं, बुडबुडे येतात, आणि तळ जरा जरी वाकला तर बाइंडिंगमधून, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या खटक्यातून, बूट सुटायला हवा तेव्हा सुटणार नाही. ते गुडघ्यावर जातं. शिवाय तुमचा बूट आधीच रुंद आहे हो, अजून रुंद करून काय करणार?

शेवटचं, नवीन बुटाच्या टाचेवर सोलची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असेल, आत्ताच्या तुमच्या बुटावर ३१५ च्या आसपास काहीतरी असेल, नवीन साधारण १० ने कमी येईल. ज्या स्कीवर चढणार तिचं बाइंडिंग त्याप्रमाणे परत लावून घ्यायचं, नुसतं खटकन बसलं म्हणून निघायचं नाही.

सिद्धेश्वर_एक्सप्रेस

टाचेवर बघितलं, ३१५ च. तुम्ही कॅमेरा लावलाय का माझ्या घरात?

एकच अडचण, मावसभाऊ माझ्या पायाने बूट घालून बघू शकत नाही. परत चार्टवर जायचं नाहीये मला.

हिमलाट

पुठ्ठ्यावर उभं राहून पायाची आउटलाइन काढा, पेन्सिल सरळ धरून, कापा, आणि पुठ्ठा कुरियर करा. दुकानात अस्तर काढून शेलमध्ये पुठ्ठा घालायचा, पुढे टेकवायचा, मागे पेन्सिली मोजायच्या. पायाची उंची त्यात कळत नाही, म्हणून परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्यायला सांगा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू नका, माप बिघडतं. आणि जुने बूट माळ्यावर पत्र्याखाली टाकू नका, अस्तर वाळवा, बकल हलके लावून कपाटात ठेवा, गुलमर्गला २७ चा पाय असलेलं कुणीतरी भेटतंच.

सिद्धेश्वर_एक्सप्रेस

झालं. दोन्ही पाय कापले, डाव्यावर डावा लिहिलं, उद्या कुरियर. २६ चं शेल, ९८, नाहीतर काही नको असं भावाला बजावलंय, आणि चॉकलेटं आधी भरायची, बूट नंतर. ऑर्थोटिस्टची शुक्रवारची वेळ मिळाली, फोनवर त्यांना स्की म्हटलं तर त्यांनी दोनदा विचारलं, की म्हणजे सायकल का.

पुठ्ठे टेबलावर ठेवले होते, आईने बघितले. म्हणाली लक्ष्मीची पावलं करायला घेतलीस ते चांगलं केलंस, पण एवढ्या मोठ्या पायाची लक्ष्मी आपल्या दारातून आत कशी यायची?

पार्कचौक

शेंगा संपल्या बे. बूट आले की फोटो टाक.