नाताळच्या जेवणाला मागे काय वाजवावं?

फतेगंजची_रश्मी

नमस्कार मंडळी. यंदा २५ तारखेचं रात्रीचं जेवण आमच्याकडे आहे. चर्चमधली चार कुटुंबं, ह्यांच्या ऑफिसातले गुजराती सहकारी, खालच्या मजल्यावरचे काका-काकू, शिवाय नगरहून सासूबाई येतायत. त्यांना कानाचं मशीन आहे. मटण पुलाव, शाकाहारींसाठी उंधियू, मग केक आणि करंज्या, एवढं ठरलंय. संगीताचंच ठरत नाही. कुठेही जा, तीच चार इंग्रजी गाणी फिरून फिरून लागतात आणि त्यावर सगळे ओरडून बोलत असतात. मुलीला नाचता येतील अशी गाणी हवीत, सासूबाईंना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं. मला इतकंच हवंय की नाताळ आहे हे जाणवावं आणि माणसांना एकमेकांशी बोलता यावं. हॉल मध्यम आहे, ग्रॅनाइटची फरशी. ब्लूटूथचा एक स्पीकर आहे, आणखी एक मागून आणता येईल.

मांडवीकर

पियानोवर वाजवलेल्या नाताळच्या चाली मिळतात, जॅझच्या अंगाने. शब्द नसलेल्याच घ्या. आणि गाणी आधी डाउनलोड करून ठेवा, नाहीतर फुकटच्या ॲपवर ऐन पुलाव वाढताना जाहिरात लागते.

दांडियाबाजार_व्हायोलिन

रश्मीताई, मी व्हायोलिन शिकवतो आणि हिवाळ्यात लग्नाच्या पंगतींमध्ये वाजवतोही, त्यामुळे जेवणारी माणसं रोज समोर असतात.

मांडवीकरांचं बरोबर आहे, शब्द नकोत. जेवताना कान समोरच्याचं बोलणं पकडत असतो. त्यात दुसरे शब्द मिसळले की ओढाताण होते, आणि मशीन लावलेल्या माणसाला तर गाणं कुठलं आणि बोलणं कुठलं हे वेगळं काढणं फार जड जातं. सासूबाईंची खुर्ची स्पीकरपासून सगळ्यात लांब ठेवा, भिंतीकडे पाठ करून.

पाहुणे येत असताना टेलेमान लावा. या जर्मन संगीतकाराने १७३३ साली ‘टाफेलम्युझिक’ छापलं, म्हणजे थेट जेवणाच्या टेबलासाठीचं संगीत. बासरी, ओबो, व्हायोलिन, मधूनच ट्रम्पेट. आगाऊ पैसे भरून प्रत मागवणाऱ्यांत हँडेलही होता. ऐकायला प्रसन्न, आणि मध्येच बोललं तरी त्याचा अपमान होत नाही.

सगळे बसले की कोरेल्ली, हा इटालियन संगीतकार. त्याच्या ऑपस ६ या संग्रहातला आठवा काँचेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासाठीची रचना, नाताळच्या रात्रीसाठी आहे, तसं त्यावर लिहिलेलंच आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १७१४ मध्ये तो छापला गेला. त्याचा शेवटचा भाग, पास्तोराले, मला अतिशय प्रिय आहे. इटलीतले मेंढपाळ नाताळात डोंगरातून शहरात उतरायचे आणि मशकवाद्य वाजवायचे, त्याची छाया त्यात आहे. खाली एक सूर तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला, वर तीन-तीन मात्रांची डोलणारी चाल. दादरा ऐकलेल्या कानाला ती लगेच आपली वाटते. बेथलेहेमचे मेंढपाळ ज्यांना माहीत आहेत त्यांना नाताळ कळेल, तुमच्या गुजराती पाहुण्यांना नुसतं गोड वाटेल. बाखच्या १७३४ च्या ख्रिसमस ओरॅटोरिओतल्या, म्हणजे ख्रिस्तजन्माची कथा गाऊन सांगणाऱ्या मोठ्या रचनेतल्या, दुसऱ्या भागाची सुरुवातही अशीच आहे, नुसत्या वाद्यांची. ती याच्या पाठोपाठ लावा.

मग मुख्य जेवणाला आपलं संतूर किंवा बासरी. यमन, हंसध्वनी असे राग, मध्य लयीतली गत, म्हणजे तालात बांधलेली वाद्यरचना. शेवटी येणारा अतिद्रुत भाग, ज्याला ‘झाला’ म्हणतात, तो मात्र काढून टाका. लय चढली की हात भराभर चालतात. १९८६ साली रोनाल्ड मिलिमन या अमेरिकन अभ्यासकाने हे एका रेस्टॉरंटमध्ये मोजलं होतं. संथ संगीत असताना लोक सरासरी ५६ मिनिटं टेबलावर बसले, द्रुत असताना ४५.

आता आवाज. गोंगाटात माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर लोंबार यांनी १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. एकाने चढवला की शेजारचा चढवतो, मग कोणीतरी उठून स्पीकरच मोठा करतं. ते काम कुणालाही करू देऊ नका. एक मोठ्याने वाजणारा स्पीकर ठेवण्यापेक्षा दोन हळू वाजणारे, समोरासमोरच्या भिंतींशी ठेवा, पण कोपऱ्यात नको, तिथे खर्ज घुमतो. फरशीवर सतरंजी अंथरा आणि पडदे ओढून घ्या. ग्रॅनाइट आणि स्टीलची ताटं मिळून फार खणखणतात.

टिळकांच्या भजनांबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे. ती मागे वाजवू नका. वाटी पुढे सरकवता सरकवता कानावरून जाऊ द्यावीत अशी ती भजनं नाहीत. जेवण झाल्यावर स्पीकर बंद करा आणि सगळ्यांनी बसून गा. सासूबाईंना मशीनमधून येणाऱ्या स्पीकरच्या आवाजापेक्षा शेजारी बसून गाणारा माणूस कितीतरी स्वच्छ ऐकू येईल.

अलकापुरी_आई

पोरांसाठी केक कापताना चायकोव्हस्कीचा ‘नटक्रॅकर’ लावा. १८९२ चा बॅले, नाताळच्या रात्रीचीच गोष्ट आहे. त्यातला साखरेच्या परीचा तुकडा चेलेस्टा नावाच्या वाद्यावर आहे, बारीक घंट्यांसारखं वाजतं ते. आमच्याकडची पोरं आपोआप फिरक्या घेतात.

फतेगंजची_रश्मी

व्हायोलिनवाले काका, ‘झाला’ काढायचं मला सुचलंच नसतं. सासूबाईंना फोन केला, भजनं स्वतः गायची म्हटल्यावर त्या एकदम खूश झाल्या. मुलीला केकनंतरचा अर्धा तास दिलाय, तिची गाणी तेव्हा, गच्चीवर. चर्चमधले एक काका पेटी आणणार आहेत. पण सूर कुठला धरायचा? बायका, पुरुष, मुलं, सगळेच गाणार.

दांडियाबाजार_व्हायोलिन

सूर आधी ठरवू नका. सासूबाईंना पहिली ओळ बिनसाथीची म्हणायला सांगा. त्या जिथे सुरुवात करतील तिथे पेटी धरायची, बाकीच्यांनी वरच्या किंवा खालच्या सप्तकात मिसळायचं. फक्त पेटीवाल्या काकांना भाता हळू ठेवायला सांगा, नाहीतर सासूबाईंचा आवाज त्याखाली दबतो.