मदत हवी आहे: घरून काम करताना झालेला त्रास ‘पॉश’मध्ये (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात) बसत नाही का?

रिकामी_ओंजळ
लवकर उत्तर हवंय म्हणून थोडक्यात लिहिते. टीम लीडच्या मेसेजेसबद्दल एचआरला सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही घरून काम करता, मेसेज पर्सनल व्हॉट्सअॅपवर आलेत, तेही रात्री. ऑफिसच्या आवारात काही घडलेलं नाही, त्यामुळे हे पॉशमध्ये बसत नाही.” हे खरं आहे का? नसेल तर कोणतं कलम दाखवू?

पाऊलवाट
नक्की काय घडलं आणि शेवटचं कधी घडलं? कंपनीत किती माणसं आहेत? एचआरला लेखी दिलंय की तोंडी? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

जुना_पिंपळ
कंपनीच्या तक्रार समिती-बिमितीच्या नादी लागू नका, सरळ पोलिसांत जा. भारतीय न्याय संहितेचं कलम 75 आहे. अश्लील शेरेबाजीला एक वर्षापर्यंत आणि शरीरसंबंधांची मागणी केली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझ्या भाचीने समितीच्या मागे धावण्यात वर्ष घालवलं आणि शेवटी नोकरी सोडली.

एचआरवाली
मी स्वतः एचआरमध्ये आहे. लगेच पोलीस वगैरे टोकाला जाऊ नका. आधी दोघांना समोरासमोर बसवून मिटवता येतं, पॉश कायद्यातच समेटाची सोय आहे.

तिसरी_घंटा
अर्धवट माहिती देऊ नका. कलम 10 मधला समेट फक्त त्या बाईने स्वतः मागितला तरच होतो, आणि त्यात पैशांची देवाणघेवाण चालत नाही. एचआरने “या, बसून मिटवू” म्हणणं म्हणजे समेट नव्हे.
मूळ प्रश्नाचं उत्तर: एचआरचं म्हणणं चुकीचं आहे. कलम 2 मधली ‘कामाचे ठिकाण’ ही व्याख्या वाचा. कामानिमित्त जिथे जिथे जावं लागतं ती जागा, मालकाने दिलेलं वाहन, इतकंच काय, राहतं घरसुद्धा तिच्यात आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने 2021 मध्ये बँकेच्या एका प्रकरणात दोन वेगळ्या राज्यांतल्या शाखांमधली माणसं डिजिटल व्यासपीठावर एकाच कामाच्या ठिकाणी आहेत, असं मानलंय. टीम लीड हा कामाच्या नात्यामुळेच तुमच्या फोनपर्यंत पोचला. मेसेज रात्री साडेअकराला आला म्हणून ते नातं तुटत नाही.

रिकामी_ओंजळ
इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. जूनपासून चालू आहे. रोजच्या कॉलवर बाकीच्यांचे कॅमेरे बंद चालतात, मला मात्र “तू लाव, तुझा चेहरा बघितल्याशिवाय दिवस सुरू होत नाही.” सगळे गेले की मला थांबवून ठेवतो. मग रात्री मेसेज: काय घातलंयस, फोटो पाठव. सकाळ होईपर्यंत डिलीट केलेले असतात, माझ्याकडे नुसती ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ ही ओळ उरते. शेवटचा मेसेज 22 ऑगस्टला आला, त्यानंतर मी नंबर ब्लॉक केला. तेव्हापासून कामात चुका काढणं सुरू आहे. अॅप्रेझल त्याच्याच हातात आहे. एचआरशी फोनवर बोलले होते.

पाऊलवाट
फोनवर म्हणजे तक्रार झालेलीच नाही! आज 9 नोव्हेंबर. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. म्हणजे 22 नोव्हेंबर. तेरा दिवस हातात आहेत.

एचआरवाली
घाबरवू नका. सहा महिने मिळतात.

तिसरी_घंटा
तीनच मिळतात. पुढचे तीन समिती कारण नोंदवून देऊ शकते, पण देईलच असं नाही. त्या भरवशावर राहू नका, ताई.

कोरं_पान
पुरुषांना त्रास झाला तर कोणता कायदा? त्यावर कोणी बोलत नाही.

पाऊलवाट
या कायद्यात तक्रारदार स्त्रीच असते. प्रश्न खरा आहे, पण कृपया वेगळा धागा काढा. इथे एकीची मुदत संपत आलीय.

शिंपले
हा कायदा कुठून आला तेही माहीत हवं. राजस्थानातल्या भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करायच्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून 1997 ची सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि कायदा व्हायला 2013 उजाडलं. कामावरच्या बाईचं रक्षण ही मालकाची जबाबदारी, हे तिथून मान्य झालं.

जुना_पिंपळ
सगळं बरोबर, पण समितीत कंपनीचीच माणसं. ती लीडला सोडून हिची बाजू घेतील?

तिसरी_घंटा
मी दोन ठिकाणी बाहेरची सदस्य म्हणून बसते. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, तो याचसाठी. दबाव येतो, मी नाकारत नाही. पण पोलीस आणि समिती दोन्ही एकाच वेळी चालतात, एक निवडावंच लागतं असं नाही. उलट तिला पोलीस तक्रार करायची असेल तर मदत करणं कंपनीवर बंधनकारक आहे.

रिकामी_ओंजळ
एक सांगायचं राहिलं. मी कंपनीच्या पेरोलवर नाही, एजन्सीकडून आहे. लीड कंपनीचा. म्हणून एचआर हात झटकतेय का?

पाऊलवाट
हे पहिल्यांदा सांगायचं ना!

तिसरी_घंटा
त्याने फरक पडत नाही. कंत्राटदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, प्रशिक्षणार्थी, सगळ्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत येतात. लीडच्या कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे तक्रार द्या. दहा किंवा जास्त माणसं असतील तर समिती असलीच पाहिजे, नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही देता येते.
तक्रार अध्यक्षांच्या नावाने, सहा प्रती, साक्षीदारांची नावं-पत्ते. तारखांसकट लिहा. कॅमेरा लावायला सांगितला तेव्हा कॉलवर कोण कोण होतं तेही लिहा. डिलीट झालेल्या ओळींचे स्क्रीनशॉट वेळेसकट काढा. त्याच्या एखाद्या मेसेजला तुम्ही रिप्लाय केला असेल तर रिप्लायच्या चौकटीत त्याचे शब्द राहिलेले असू शकतात. आजच बघा, आणि फोन बदलू नका.
त्याच अर्जात अंतरिम (चौकशी चालू असेपर्यंतचा) दिलासा मागा: अॅप्रेझल दुसऱ्या अधिकाऱ्याने करावं. नियमात ही तरतूद आहे, आणि लोक मागतच नाहीत.

कोरं_पान
आणि सिद्ध झालं नाही तर तिच्यावरच कारवाई होईल ना?

तिसरी_घंटा
नाही. सिद्ध करता आलं नाही एवढ्यावरून कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटं बोलल्याचं चौकशीत ठरावं लागतं. ही भीती पसरवून किती जणींना गप्प बसवलंय, ते मी पाहिलंय.

रिकामी_ओंजळ
सापडला. 3 जुलैचा, मी ‘सर, हे मला आवडत नाही’ असा रिप्लाय दिला होता. त्याच्या वर त्याचं वाक्य पूर्ण दिसतंय. स्क्रीनशॉट काढला आणि बहिणीलाही पाठवला. आत्ता अर्ज लिहायला बसतेय. समितीच्या अध्यक्षांचं नाव कुठे मिळेल? मला ऑफिसच्या भिंतीवरचा बोर्ड दिसत नाही.

पाऊलवाट
एचआरला मेलवर विचारा, फोनवर नको. उत्तर आलं नाही तरी तो मेल राहील. आणि अर्ज 22 ची वाट न बघता याच आठवड्यात द्या.

रिकामी_ओंजळ
मेल टाकला, 10:42 ला.